असोद्याचा कडुनिंब आणि झोपाळ्याची फळी

दीड फुटातच मशीन धापा टाकायला लागलं. मी ट्रिगर सोडला. कापातून धूर येत होता आणि माझ्या बुटांवर गव्हाच्या पिठासारखा बारीक भुसा साचला होता. अंगणात दहा-बारा माणसं बघायला जमली होती. माझ्यासोबत कामाला असलेले सुपडूनाना वाकून भुसा बघत म्हणाले,

"ताई, हाई मशीन लाकूड कापत नही. दयी राहिनं."

म्हणजे दळतंय. आणि खरोखरच दळत होतं.

जळगावला आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, बावीस वर्षं मी चालवते. या बावीस वर्षांत मी लाकूड नेहमी फळ्यांच्या रूपातच विकत घेतलं. ओंडक्यापासून फळी काढायचं काम सॉ-मिलचं. आपण माप सांगायचं, टेम्पो पाठवायचा, झालं.

असोद्याच्या इंदूअक्कांनी मला या कामात ओढलं. वादळात त्यांच्या अंगणातला कडुनिंब पडला होता. पंचनामा झाला, फांद्या सरपणाला गेल्या आणि सात फुटांचं बुंध्याचं खोड शिल्लक राहिलं. अक्कांना त्यातून झोपाळ्याची फळी हवी होती. जोड नसलेली, एकसंध.

मी हो म्हटलं आणि सॉ-मिलला फोन केला.

"जंगलातलं आहे का अंगणातलं?" मालकाने विचारलं.

"अंगणातलं."

"मग नको मॅडम. घराजवळच्या झाडात खिळे निघतात. आमची पट्टी तुटते."

आणखी दोन ठिकाणी हेच उत्तर मिळालं. अक्कांचा पुण्याचा मुलगा म्हणाला, "ताई, रेडिमेड झोपाळा आणून द्या, मी आईला समजावतो." का कोण जाणे, मला ते लागलं. मी म्हटलं, "फळी याच झाडाची निघेल."

चेनसॉ मिल म्हणजे फार मोठं यंत्र नाही. झाडं तोडायच्या चेनसॉच्या पात्याला एक लोखंडी चौकट बसवायची. चौकट ओंडक्याच्या वर सरकते आणि पातं खाली ठरलेल्या खोलीवर आडवं कापत जातं. जाडजूड ब्रेडचे स्लाइस काढावेत तसं. मी बावीस इंच रुंद फळी धरली होती, म्हणून मोठं इंजिन आणि लांब पातं लागलं. चौकट मागवली. महिनाभर व्हिडिओ बघितले. आणि धुळ्याहून सुपडूनानांना बोलावलं.

नाना वडिलांकडे मिस्तरी होते. आता सत्तरीला टेकलेत. तरुणपणी त्यांनी खड्ड्यावर ओंडका ठेवून दोघांच्या करवतीने फळ्या काढलेल्या. एक माणूस वर, एक खाली. मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता, पण मी बोलावलं म्हणून आले.

पहिल्या दिवशी आम्ही कसाबसा एक काप पूर्ण केला. तीन तास लागले. वरचा तुकडा उचलला आणि माझं तोंड उतरलं. पृष्ठभाग सपाट नव्हताच. टोकांना सहा इंच खोल, मध्ये आठ.

चूक शिडीची होती. गोल ओंडक्यावर चौकट सरकवायला आधी काहीतरी सरळ लागतं. मी अक्कांचीच लाकडी शिडी ठेवली होती आणि ती मध्ये वाकली. पातंही तसंच खाली गेलं. त्याचा काय दोष?

आता तो खड्डा काढायचा तर आणखी दोन इंच जाणार. ओंडक्याची खालची बाजू पोकळ होती, झाड पडलं ते त्यामुळेच. मधला गाभा वाळताना तडकतो, म्हणून तोही बाद. मी खडूने रेषा मारून पाहिल्या. चांगली फळी एकच निघणार होती. दुसरी संधी नव्हती.

नाना म्हणाले, "आते काय करशी?"

"उद्या येऊ."

चार वाजताच मी वर्कशॉपला परतले. साखळी काढून बाकावर लावली. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, चेन ती चेन." तसं नसतं. झाड आडवं तोडायच्या साखळीचे दात तीस अंशांवर घासलेले असतात. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, उभं चिरायचं तर दात जवळजवळ सरळ लागतात, दहा अंशांवर. हे मी व्हिडिओत ऐकलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं. एकोणपन्नास दात होते. गोल कानस घेऊन एकेक घासला. दुपारी हाताला आलेला फोड फुटला, त्यावर चिकटपट्टी लावली. मग शेजारच्या फॅब्रिकेटरकडून अ‍ॅल्युमिनियमचे दोन चौकोनी पाइप आणले आणि त्यांना आडवे तुकडे बोल्ट करून रूळ बनवला. दोरी ताणून तपासला. सरळ होता.

दुसऱ्या दिवशी बघे कमी होते. रूळ ओंडक्यावर बसवला, लेव्हल लावली, मशीन सुरू केलं. पहिल्या क्षणापासून आवाजच वेगळा होता. पीठ नाही, लांब सुतासारखे धागे बाहेर पडायला लागले. हात-दीड हात काप पुढे गेला की नाना मागून लाकडी पाचर ठोकत, म्हणजे वरचं वजन खाली बसून पातं दाबत नाही. वीस मिनिटांत काप पार झाला. तुकडा बाजूला केला. आत लालसर, गुळगुळीत लाकूड. मी त्यावर हात फिरवला.

मग फळीच्या खालच्या कापाची तयारी करताना नानांनी माझा हात धरला.

"थांब. आठे लोखंड शे."

मला काही दिसत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं. डाव्या कडेपासून तीन इंचांवर हातभर लांबीचा निळसर काळा पट्टा होता. मला तो लाकडाचाच रंग वाटला होता.

"लोखंड गंजस, लाकूड काळं पडस," ते म्हणाले आणि पटाशी घेऊन कडेने कोरायला बसले. अर्ध्या तासाने आत गुरं बांधायची कडी लागली. झाडाने ती कधीच गिळून टाकली होती. बाहेर नुसती साल. मशीन तिच्यावर गेलं असतं तर साखळी तुटून कुणाच्या अंगावर आली असती, सांगता येत नाही.

कडी निघाली, पण तिथे मुठीएवढं भोक पडलं. दोनच रस्ते होते. लांबी कमी करायची, नाहीतर ती कडच चार इंच कापून टाकायची. बावीसची फळी अठराची होणार. मी अक्कांकडे गेले. त्या ओट्यावर त्यांच्या जावेबरोबर, कमलबाईंबरोबर, हरभरा निवडत होत्या.

"अक्का, रुंदी बावीस होत नाही. अठराच निघेल."

"बावीस कोनाले पाहिजे व्हती?"

"झोपाळा बावीसचाच असतो. मांडी घालून बसायला."

"माह्या गुडघ्याले मांडी कुठी सोसते आता? पाय खाली सोडीसन बसते मी." त्यांनी कमलबाईंकडे पाहिलं. "हिचे पाय तर बावीसवरून जमिनीलेच लागनार नही. लांबी नको कमी करू, ताई. आमी दोघी बसतो."

मी परत आले. नानांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, "अठरा चालेल."

कड कापली. मग दोन इंच जाडीचा खालचा काप घेतला, मध्ये दोनदा थांबून, पातं गार करून. पाचरा नानांनी ठोकल्या. शेवटचे सहा इंच मी श्वास रोखून ढकलले. फळी सुटली तेव्हा बघ्यांपैकी दोघांना हाताशी घेऊन आम्ही चौघांनी ती उचलली. भोक नाही, तडा नाही, साडेसहा फूट.

लगेच झोपाळा झाला नाही. ओलं लाकूड वाळायला वेळ लागतो. टोकांना रंग लावून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत वजनाखाली ती वर्षभराहून जास्त ठेवली. एक कोपरा पाव इंच उचलला गेला, तो रंध्याने घेतला. मग कड्या बसवून असोद्याला टांगली. दोघी जावा बसल्या. दोघींचेही पाय जमिनीला टेकत होते.

त्यानंतर मी आणखी सात ओंडके कापले. साखळी स्वतः घासते, रूळ दरवेळी दोरीने तपासते. आणि ऑर्डर घेताना माप टेपने घेण्याआधी गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसायला सांगते, ते कसे बसतात ते बघते. टेप त्यानंतर.