खाट नंबर अकरा

उंब्रजच्या फाट्यावर, चहाच्या गाड्यापाशी हे गृहस्थ मला रोज सकाळी भेटतात. नौदलात होते, पण जहाजावर कधी चढले नाहीत. मुंबईतल्या इंग्रजांच्या काळच्या नौदल इस्पितळात जीर्ण नोंदवह्या नव्या वहीत उतरवून काढायच्या, एवढीच त्यांची नोकरी. त्यामुळे तिथं कधीकाळी पडून राहिलेले गोरे खलाशी त्यांना खाटेच्या नंबरासकट भावकीसारखे पाठ आहेत.

गावातल्या कुणीही दुखणं सांगितलं, की हे डोळे मिटून खाट शोधतात.

"पोटात मुरडा? व्हय, खाट सात. साबुदाण्याच्या पेजेवर बरा झाला."

"गुडघा? खाट तीन, जहाजावरचा आचारी. लंगडत का हुईना, विलायतेला पोचला. तुमी उसात पोचाल की!"

आणि माणसं खरंच निर्धास्त होऊन उसात जातात.

अकरा नंबरची खाट मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकली होती. तोफेवरचा तगडा खलाशी. सकाळी डावा हात बधिर झाला आणि संध्याकाळी त्याची नोंद संपली.

परवा सकाळी माझाच डावा हात बधिर झाला. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

"असला कुणी आलाच न्हाई गड्या आमच्याकडं," शेवटी ते म्हणाले, आणि चहा तसाच टाकून त्यांनी कराडच्या वडाप जीपला हात केला. माझ्याशेजारी दाटीवाटीनं बसले.

दवाखाना येईस्तोवर त्यांनी एकाही गोऱ्याचं नाव काढलं नाही.