बू कुस्मियातींचं 'कळलं नाही'

बू कुस्मियातींना कुणी विचारलं की तुम्हाला हे लिनक्स कुठवर येतं, तर त्या वहीवर हात ठेवून खरं ते सांगत. "अकरा पानं लिहून घेतली आहेत. त्यातली सहा कळली आहेत."

वोनोसोबो गावात त्यांनी बू, म्हणजे बाई, म्हणून सत्तावीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला. डोळे अधू झाले तेव्हा मशीन विकलं आणि बाजारामागे भाच्याचं, हनान्तोचं, नेट-कॅफे होतं तिथे गल्ल्यावर बसायला लागल्या. काम सुखाचं होतं. मग एके दिवशी चोरीच्या सॉफ्टवेअरची तपासणी येणार अशी आवई उठली, आणि गावभरच्या संगणकांवरच्या चोरीच्या प्रती बघता बघता नाहीशा झाल्या. हनान्तोनेही आठही यंत्रांवर फुकट आणि कायदेशीर मिळणारं लिनक्स चढवलं. त्यासाठी योग्यकर्ता शहरातून एक विद्यार्थी तीन दिवस शिकवायला आला होता. तो हळू आवाजात, फार अदबीने शिकवायचा. इतक्या लांबून आलेल्या माणसाला 'कळलं नाही' म्हणून कोण दुखावणार? बू कुस्मी तीन दिवस 'हो हो' म्हणत राहिल्या आणि तो समाधानाने परत गेला. भाचा मावशीला म्हणाला, "बुलिक, आता गिऱ्हाइकांना तुम्हीच शिकवा."

पहिल्या आठवड्यात गोंधळाला पारावार नव्हता. रोजची माणसं येत, पडद्याकडे बघत आणि परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तशी चाचपडत. शाळेतले एक मास्तर डाव्या कोपऱ्यातलं जुनं बटण पंधरा मिनिटं शोधत होते. सापडलं नाही, तेव्हा चहा पिऊन, आभार मानून निघून गेले. कुणी फाइल साठवायचं आणि ती कुठे गेली ते यंत्रालाही सांगता यायचं नाही. बू कुस्मी शेजारी स्टुलावर बसत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. हा त्यांचा शिवणवर्गातला नियम. बाईंनी स्वतः पुरी करून दिलेली बाही मुलीला कधीच येत नाही, हे त्यांनी सत्तावीस वर्षं बघितलं होतं.

पण बाही उलटी लागली तर निदान दिसते. इथे काहीच दिसायचं नाही. त्या विचारत, "कळलं?" आणि समोरचा म्हणे, "हो, बू." तोंडभर हसून, मान लववून. आपल्याकडचा हा 'हो' म्हणजे मी ऐकतोय, तुम्ही थोर आहात, आता पुरे, यांतलं काहीही असू शकतं. बू कुस्मींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी स्वतः तीन दिवस तेच केलं होतं. पण आपण शिकवायला बसलो की समोरच्याचा 'हो' खरा वाटतो, हा माणसाचा गाढवपणाच म्हणायचा.

तो गाढवपणा त्यांना पाक मार्सुदींमुळे कळला. सगळे आदराने 'पाक', म्हणजे काका, म्हणत ते मार्सुदी म्हातारे टांगेवाले. घोडी विकून तीन वर्षं झाली होती, तरी माउस धरत तो लगाम धरल्यासारखा. बायको वारलेली, आणि एकुलती एक मुलगी एंदाह तैवानला एका आजीबाईंची सेवा करायला गेलेली. तिला महिन्यातून एकच रविवार सुट्टी, शेवटचा. त्या दिवशी अकरा वाजता बापलेक पडद्यावर एकमेकांना बघत. नवं लिनक्स आलं त्या महिन्यातही पाक मार्सुदी इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून आले, तासभर बसले आणि उठले. हनान्तोने विचारलं, "झालं बोलणं, पाक?" ते म्हणाले, "हो, झालं." दुसऱ्या दिवशी हनान्तोच्या फोनवर एंदाहचा निरोप आला, बापाक बरे आहेत ना, काल मी चार तास वाट बघितली. पाक मार्सुदी पूर्वी कधी न दिसलेल्या पासवर्डच्या चौकटीसमोर तासभर बसून होते. ते अक्षर दाबत होते आणि पडद्यावर नुसते ठिपके उमटत होते, म्हणून हे यंत्र दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं त्यांना वाटलं होतं.

बू कुस्मींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळी त्यांनी बाजारातून गूळशेंगदाण्याची चिक्की आणली, बरणीत भरली आणि गल्ल्यावर पाटी लावली, 'कळलं नाही असं म्हणणाऱ्यास एक चिक्की.' लोक पाटी वाचून हसले. चिक्की कुणी घेतली नाही. दोन आठवडे बरणी काठोकाठ भरलेली राहिली, मग हनान्तोच येता-जाता तिच्यात हात घालायला लागला.

"तू कधी म्हणालास कळलं नाही?" बू कुस्मींनी त्याला झापलं.

"मला कळतं, बुलिक."

"मग झाकण लाव."

पाक मार्सुदी दर बुधवारी, शुक्रवारी शिकायला येत. ठिपके म्हणजे आपलीच झाकलेली अक्षरं, हे त्यांना पटलं. राहिल्या त्या चार खोल्या. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चार बारके चौकोन होते. चुकून माउसचं चाक फिरलं की उघडलेलं सगळं नाहीसं होई आणि रिकामा निळा पडदा समोर येई. हे वहीतलं सातवं पान, बू कुस्मींना न कळलेलं. त्या तीन दिवस एकट्याच त्याच्याशी झगडल्या, तेव्हा उमगलं.

"पाक, हे घर चार खोल्यांचं आहे. माणूस गेलेलं नसतं. आपण दुसऱ्या खोलीत आलेलो असतो. कळलं?"

"हो, बू."

हे त्यांनी चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा तोच 'हो' आला.

शेवटचा रविवार उजाडला. पाक मार्सुदींनी स्वतः पासवर्ड टाकला, स्वतः एंदाहच्या नावावर टिचकी मारली. एंदाह दिसली. बू कुस्मी हात पाठीमागे बांधून मागे उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यासाठी हेडफोनचा आवाज मोठा केलेला होता, ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतच होतं.

"बापाक, उद्या कागदावर सही करायची आहे. आणखी तीन वर्षं. आजीबाई मला सोडायला तयार नाहीत. तुमचं बरं चाललंय ना? राहू का मी?"

"हो हो," पाक मार्सुदी हसून म्हणाले. "रहा की."

"मनापासून सांगताय?"

"हो."

बू कुस्मींनी हा 'हो' लगेच ओळखला. तोच हसरा, मान लववून दिलेला 'हो' त्यांनी सबंध महिना ऐकला होता. मध्ये तोंड घालावं की नाही हे त्यांना सुचेना. दुसऱ्याच्या लेकीशी बोलणाऱ्या आपण कोण? तेवढ्यात म्हाताऱ्याच्या बोटाखालचं चाक फिरलं आणि एंदाह गेली. समोर निळा पडदा.

पाक मार्सुदींनी कानावरचा हेडफोन काढून अदबीने टेबलावर ठेवला आणि ते उठायला लागले. हेडफोनमधून मात्र आवाज येतच होता. बापाक? बापाक? त्यांनी हेडफोनकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. आवाज आहे आणि माणूस नाही, हे काही त्यांना उलगडेना.

बू कुस्मींचे हात सुटले होते. त्यांनी ते पुन्हा पाठीमागे बांधले.

"पाक, ती कुठे गेली, कळलं?"

"हो, बू."

"हा 'हो' खरा, की नेहमीचा?"

पाक मार्सुदी उभेच राहिले. शर्टाचं खालचं बटण उगाच चाचपत राहिले. शेजारच्या यंत्रावरची बाई टाइप करायची थांबली.

"नेहमीचा," ते म्हणाले. मग फार हळू, चोरी कबूल केल्यासारखं, "मला कळलं नाही, बू."

"बसा," बू कुस्मी म्हणाल्या. "चार खोल्या आहेत. तुम्ही दुसरीत आलात, ती पहिलीतच बसून आहे. कोपऱ्यातला पहिला चौकोन."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी माउस धरला आणि चौकोनावर टिचकी मारली. एंदाह होती तिथेच होती, डोळे पुसत.

"बापाक, मी सगळं ऐकलं. नेहमीचा 'हो' म्हणजे काय?"

पाक मार्सुदींनी हेडफोन घातला.

"पोरी, मघाशी मी रहा म्हणालो ना, तो 'हो' नेहमीचा होता. नको राहूस. घरी ये. तू नसलीस की मला कशातलंच काही कळत नाही."

"मग आधी का नाही बोललात? दरवेळी तर मी विचारत होते."

"दरवेळी मी हो म्हणत होतो ना."

एंदाह रडता रडता हसली. सही करणार नाही, म्हणाली.

निघताना पाक मार्सुदी गल्ल्यापाशी थांबले. त्यांनी पाटी पुन्हा वाचली, आपलं म्हणणं तिच्यात बसतं की नाही हे बघत असावेत. बू कुस्मींनी झाकण उघडून बरणी पुढे केली. त्यांनी एक चिक्की घेतली, तोंडात न टाकता रुमालात बांधली आणि खिशात ठेवली.

"अहो, खा की," बू कुस्मी म्हणाल्या.

"एंदाहला ठेवतो," पाक मार्सुदी म्हणाले.