साउयेंगच्या फुकट दुपारी

कॅसिनोला आपण आयुष्यात पाताकाचं एक नाणंही दिलं नाही, असं साउयेंग ज्याला त्याला ऐकवायची. मकावमध्ये जन्म काढलेल्या माणसाने असं म्हणायला छाती लागते. तिच्याकडे ती होती. शिवाय पाय शाबूत होते आणि म्हाताऱ्यांना सरकार देतं तो बसचा फुकट पासही होता.

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली की ती नवऱ्याला उठवायची. वेंगकिन मुकाट्याने चपला घालायचा आणि दोघं ताइपा बेटावरच्या जुन्या बाजारातून निघायची. तिथे मिठाईच्या दुकानांपुढे पोरी ताटं घेऊन उभ्या असतात. बदामाच्या बिस्किटांचे तुकडे, डुकराच्या सुक्या मांसाच्या गोडसर पट्ट्या, चाखून बघा म्हणून. ती ताटं पाहुण्यांसाठी असतात. साउयेंग प्रत्येक ताटापुढे पाहुण्यासारखी थबकायची, विचारी चेहरा करून चघळायची, "गोड जरा जास्त झालंय" म्हणायची आणि पुढच्या दुकानाकडे वळायची.

"काकू, काल तर गोड कमी वाटलं होतं तुम्हाला," एकदा एक पोरगी म्हणाली.

"काल माझी जीभ बरी नव्हती," साउयेंग म्हणाली आणि आणखी एक तुकडा उचलला.

तिथून सोनेरी सारस या कॅसिनो-हॉटेलची बस. तीही फुकट, आणि त्यांच्या घरापेक्षा गार. हॉटेलात पोचलं की आधी कारंजी. मग रंगीत माशांचं तळं. मग मोठ्या घुमटाखालचं ते सोन्याचं झाड. जमीन दुभंगते, ढोल वाजतात आणि पानापानाला दिवे लावलेलं झाड खालून वर येतं. लोक त्याच्यावर नाणी फेकतात, लाभ व्हावा म्हणून. साउयेंगने कधी बटणसुद्धा फेकलं नव्हतं. झाड खाली गेलं की दोघं संगमरवरी बाकावर बसून घरचा चहा प्यायची आणि ऊन उतरल्यावर परत यायची. ताइपातल्या त्यांच्या खोलीत वसंतात भिंतींना घाम फुटतो आणि उन्हाळ्यात माणसांना. हॉटेलातल्या वाऱ्याला मात्र कुणी भाडं लावत नव्हतं.

इमारतीतल्या बायका तिला चिकट म्हणत. ती चिकट होतीच. पण गोष्ट तेवढीच नव्हती.

वेंगकिनचं एके काळी शेवयांचं दुकान होतं. पीठ साउयेंग मळायची, गल्ल्यावर तो बसायचा. हे वाटप चुकीचं आहे हे कळेपर्यंत दुकान फाशांच्या टेबलावर गेलं होतं. 'एकच डाव टाकतो आणि उठतो', असं तो तेव्हा रोज म्हणायचा. उठला तेव्हा उठवायला दुकानाचा नवा मालक आला होता. त्यानंतर साउयेंगने शाळेच्या खानावळीत भात रांधून संसार ओढला आणि नवऱ्याला नजरेखालून हलू दिलं नाही. त्याने पुन्हा फाशाला हात लावला नव्हता. लावणारही नाही, असं मात्र ती कुणाला सांगायची नाही, कारण तिला खोटं बोलायची सवय नव्हती.

"मग त्याला रोज तिथेच कशाला नेतेस?" शेजारची आकुआन विचारायची. "उंदराला मांजराच्या दारात फिरवून आणतेस."

"घरी कोंडला की पळतो. दोनदा पळाला होता, दारातून ओढून आणला. हा लखलखाट, हे ढोल, हे सगळं त्याला रोज पोटभर दाखवते. रोज बासुंदी खाऊन माणसाला बासुंदीचा वीट येतो की नाही?"

"आणि नाही आला तर?"

"तर खांदा आहेच."

तो खांदा असा. जुगाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवू नये. ठेवला तर त्याचं त्या दिवसाचं नशीब उतरतं. मकावमध्ये हे लहान पोरालाही कळतं. अशा हातापायी इथे मारामाऱ्या झाल्या आहेत. साउयेंगचा यावर कवडीचा विश्वास नव्हता, पण वेंगकिनचा होता आणि तिला तेवढा पुरत होता. रोज घरातून निघताना कुलूप लावलं की ती त्याच्या खांद्यावर एक सणसणीत थाप मारायची. झालं, त्याचा दिवस बाद. वर ती वाटसुद्धा अशी काढायची की बसपासून झाडापर्यंत जुगाराचं दालन कुठेही आडवं येऊ नये. सामान न्यायच्या बोळातून, तळ्याच्या मागून. हॉटेल बांधणाऱ्यांनी सगळ्या वाटा त्या दालनातून जाव्यात म्हणून जीव टाकला होता. ही एक वाट त्यांच्या हातून सुटली आणि साउयेंगला सापडली.

एका मंगळवारी ती वाट बंद होती. बोळाच्या तोंडाशी फळ्या ठोकलेल्या आणि पुढे पहारेकरी. पहारेकरी ओळखीचा निघाला, आकुआनचा भाचा चिहोउ.

"काम काढलंय, मावशी. आतून जा. सरळ गेलात की पलीकडे झाड."

"आतून म्हणजे?"

"दालनातून. दोन मिनिटांचं चालणं."

"दुसरी वाट नाही?"

"बाहेरून वळसा आहे, पण उन्हात वितळाल."

साउयेंगने बाहेर बघितलं. रस्त्यावरचं डांबर चकाकत होतं. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता, आणि इतक्या निरागसपणे, की तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

"घरी जाऊ या," ती म्हणाली.

"जाऊ की," वेंगकिन म्हणाला. "पण बस आताच गेली. आणि दोन मिनिटांचंच तर आहे. तुझा हात आहे ना खांद्यावर?"

तिने त्याचा खांदा धरला आणि दोघं आत शिरली. कोंबडं बाजारात न्यावं तशी ती त्याला पुढे घालून चालली होती. टेबलांवरची माणसं मान वर करून बघत आणि अंग चोरत. खांदा धरलेला माणूस म्हणजे चालता अपशकुन. असं अर्धं दालन त्यांनी झकास ओलांडलं. तेवढ्यात सरबतांची गाडी ढकलणारी पोरगी समोरून आली, साउयेंग बाजूला सरली, तिचा पाय गालिच्यात अडकला, आणि तोल सावरायला तिने जे हाताला लागलं ते पकडलं.

तो एक खांदा होता, लाल शर्टातला. चीनमधून आलेला कुणी आडवा, घामेजलेला गृहस्थ फाशांच्या टेबलावर पैशांच्या चकत्यांचा ढीग 'मोठं' लिहिलेल्या घरात सरकवत होता. फाशांची बेरीज मोठी येईल की लहान, एवढाच तो खेळ. हात पडताच तो थिजला. मग सावकाश वळला.

"कुणाची आहे ही म्हातारी?"

"माझी," वेंगकिन म्हणाला, तिला सरळ उभं करत.

लाल शर्टवाल्याने दोघांच्या घराण्याबद्दल काय ते सांगितलं आणि ढीग मागे ओढला. आजचा त्याचा दिवस संपला होता. फासे उघडले. बेरीज लहान आली.

ढीग तिथेच राहिला असता तर सगळा गेला असता. लाल शर्टवाल्याने आपल्या चकत्यांकडे बघितलं, मग साउयेंगकडे, आणि उठून कमरेत वाकला. "मावशी, माझी जीभ झडो," म्हणाला, आणि जवळ होता त्या हातात एक चकती कोंबून ढिगासकट निघून गेला. जवळचा हात वेंगकिनचा होता.

हजाराची चकती. वेंगकिनने मूठ मिटली.

"परत दे," साउयेंग म्हणाली.

"कुणाला? गेला तो."

"मग चिहोउला दे."

चिहोउ भांडण बघायला धावत आलेलाच होता. तो दोन पावलं मागे सरला. "मला नका, मावशी. ते वर कॅमेरे आहेत. नोकरी जाईल माझी."

"मोडून घेऊ," वेंगकिन म्हणाला. "खिडकी तिथे आहे."

"आणि तो पैसा घरी न्यायचा? रात्रभर तू गादीखाली कान लावून बसशील."

"तूच म्हणतेस, फुकट मिळालेलं सोडायचं नाही."

हे उत्तर त्याने बरीच वर्षं तयार ठेवलं असावं. साउयेंगने त्याच्या मुठीकडे बघितलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि अंगठा आतल्या आत चकतीवर फिरत होता. तो अंगठा तिला दुकानाच्या दिवसांपासून ठाऊक होता.

"उघड," ती म्हणाली. त्याने उघडली नाही. मग तिने एकेक बोट सोडवलं, चकती काढून घेतली आणि टेबलाकडे वळली. कॅसिनोची वस्तू कॅसिनोला परत करायची. आणि ते ज्या एकाच मार्गाने काही परत घेतात, त्या मार्गाने.

"हरायचं असलं तर कुठे ठेवू?" तिने फासेवाल्या पोरीला विचारलं.

"मावशी, ते मला माहीत असतं तर मी इथे उभी राहिले असते का?"

वरच्या निकालाच्या पाटीवर मघापासून 'लहान'चीच रांग लागली होती आणि सगळं टेबल 'लहान'वर तुटून पडलं होतं. साउयेंगने चकती 'मोठं'वर ठेवली, एकटीने. फासे उघडले. मोठं.

दोन चकत्या झाल्या. तिला घाम फुटला. दोन्ही चकत्या उचलून तिने 'लहान'वर ठेवल्या. लहान आलं. आता शेजारचे लोक तिच्या हाताकडे बघू लागले. एका बाईने तिच्यासाठी स्टूल ओढून दिलं. साउयेंग बसली. सगळा ढीग तिने 'मोठं'वर लोटला आणि तिच्यामागून सहा-सात हात 'मोठं'वर आले. मोठं आलं आणि टेबल खिदळलं. कुणीतरी म्हणालं, "मावशीच्या अंगात आलंय."

"झालं आता," वेंगकिन मागून म्हणाला. "झाड यायची वेळ झाली."

"हरल्याशिवाय कशी उठू? परत करायचंय ना?"

"मग मोडून चिहोउच्या हातून देवळाच्या पेटीत टाकू."

"एकच डाव. बघ तरी."

वेंगकिनने तिचा चेहरा बघितला, बाजूने, टेबलावरच्या दिव्यात. डोळे किंचित बारीक झालेले, ओठ ओले, कानाची पाळी लाल. हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. तो त्याचा स्वतःचा होता, आणि माणसाला आपला चेहरा त्या वेळी बघायला मिळत नाही. दुकान जाताना ती पिठाच्या हातांनी दारात उभी राहून हेच बघत असणार, असं त्याला वाटलं.

ढोल वाजायला लागले. पलीकडे झाड वर येत होतं.

"चल, जागा जाईल," तो म्हणाला.

"तू हो पुढे. मी येतेच."

तो हलला नाही. साउयेंग आणखी दोनदा जिंकली आणि मग हरायला लागली. हरायचंच तर होतं, पण ती खूश दिसेना. चकत्या भराभर वितळल्या. शेवटची गेली तेव्हा जे करायला ती बसली होती ते पुरं झालं होतं. कॅसिनोचं कॅसिनोला पोचलं होतं. आता उठायचं आणि चहा प्यायचा, एवढंच उरलं होतं.

साउयेंगने मांडीवरची पिशवी उघडली आणि आपलं पाकीट काढलं.

"इथे कमीत कमी तीनशे लागतात, मावशी," फासेवाली पोरगी हळूच म्हणाली.

"आहेत माझ्याकडे."

वेंगकिनने वाकून पाकीट तिच्या हातातून घेतलं, बंद केलं आणि आपल्या शर्टाच्या आत, बनियनजवळ ठेवलं. त्याने आवाज चढवला नाही. "ऊठ," एवढंच म्हणाला, आणि ती इतकी चकित झाली की उठली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. ताइपा यायच्या आत दोनदा म्हणाली, "मी परतच करत होते."

"हो," वेंगकिन म्हणाला. "मीही तेच करायचो."

पाकीट त्याने परत दिलं नाही. आता भाजी आणायला तो तिच्याबरोबर जातो आणि पैसे स्वतः मोजून देतो. आकुआनने विचारलं, तेव्हा गुडघे धरल्यामुळे हॉटेल सोडल्याचं साउयेंगने सांगितलं. वेंगकिन मात्र वीस वर्षांनी ताठ चालू लागला आहे. राखण करायला कुणीतरी मिळालं की माणसाला बरं वाटतं.

दुपारी तो तिला सरकारी बागेत नेतो. वडाची सावली आहे, पिंजऱ्यातले पक्षी घेऊन म्हातारे येतात, सगळं फुकट. साउयेंगला तिथे उकडतं. परवा समोरच्या दगडी टेबलावर दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. ती बराच वेळ बघत राहिली.

"कोण जिंकेल, तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

वेंगकिन उठला आणि चहाची बाटली उचलली. "चल, त्या पलीकडच्या बाकावर बसू."