दगडाबाईचा गाल

दगडाबाईच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला, त्याला वर्ष उलटलं होतं. मग तिथं जखम झाली, ती काही केल्या भरेना. पैठणकडची ही धनगराची बाई. पावसानं लागोपाठ दडी मारली तशी मेंढरं विकून ती नवऱ्यासोबत वाळूजच्या कडेला पत्र्याच्या खोलीत आली. माळावर इमारती उठत होत्या. दोघं तिथं विटा वाहायचे. सकाळी ती दातांना मिश्री लावायची आणि दिवसभर चिमूट गालात धरून ठेवायची. पोरवयापासूनची सवय.

घास जाईना, तोंड उघडेना, तेव्हा नवऱ्यानं, मुंजाबानं, एक भगत गाठला. भगत म्हणाला, "भानामती हाय. दारासमोरच्या बाईनं केलेली."

दारासमोर भागूबाई राहायची. विधवा, एकटी, जिभेची तिखट. दगडाबाईशी तिचं दोन-चारदा वाजलंही होतं.

"हीच का?" मुंजाबानं विचारलं.

दगडाबाई नाही म्हणाली नाही. दुखण्यानं ती पार पिसाळली होती. कुणाचं तरी नाव तिला हवंच होतं.

मुंजाबा काठी घेऊन बाहेर पडला. भागूबाई दारात भांडी घासत होती. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा मांडीवर. "काढ तुझी करणी! काढ!" ती आत पळाली, तर त्यानं केसांना धरून फरफटत बाहेर आणलं. गल्ली जमली, पण मधे कुणी पडलं नाही. दगडाबाईही उंबऱ्यात उभी राहून बघत होती. भागूबाईनं डोकं वाचवायला हात वर केला, काठी त्यावर आली आणि हाड कडकन मोडलं.

तो आवाज ऐकला आणि दगडाबाई भानावर आली. तिनं वरवंटा उचलून मुंजाबाच्या गुडघ्यावर घातला. "मरंल ना ती! सोड!" तो कळवळून वळला आणि त्यानं उलट्या हातानं तिच्या त्याच गालावर ठेवून दिली. जखम फुटली, तोंड रक्तानं भरलं.

दोघी बायका एकाच रिक्षातून सरकारी दवाखान्यात गेल्या. हवालदार आला तेव्हा भागूबाईनं मुंजाबाचं नाव घेतलं. दगडाबाई म्हणाली, "मला ठावं नाय."

डॉक्टर उमा मॅडमनी तिचा गाल बघितला, मांसाचा तुकडा तपासायला पाठवला. तपासणीत कॅन्सर निघाला.

"कुणी केला?" दगडाबाईनं विचारलं.

"कुणी नाही, दगडाबाई. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलंय. जुनी मरते, नवी तयार होते. किती वाढायचं, कुठं थांबायचं, याचा हुकूम प्रत्येक पेशीच्या आतच असतो. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखू. तिच्या विषानं तो हुकूम बिघडत जातो. अंग दुरुस्ती करत राहतं, पण इतकी वर्षं रोज विष लागलं की कुठंतरी चुकतं. मग एखादी पेशी थांबायचंच विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. शेजारचं मांस खातात, हाडात शिरतात, रक्तातून पुढं जातात."

"म्हंजे भायेरनं कुणी घातलं नाय? माझ्याच अंगातलं?"

"तुमच्याच. आणि ते दुसऱ्याला लागतही नाही."

पलीकडच्या वॉर्डात प्लास्टर घातलेली भागूबाई कण्हत होती. दगडाबाईनं हवालदाराला पुन्हा बोलावून घेतलं.

"माझ्या नवऱ्यानं मारलं तिला. अन् मी बगत हुते. हेबी लिवा."

मुंजाबाला पोलिसांनी उचललं. दगडाबाईचा अर्धा जबडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशनचे शेक दिले. ती वाचली. तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. जामिनावर सुटून मुंजाबा दारात आला, तेव्हा तिनं कडी काढली नाही. तो शिव्या देत, दारावर लाथा घालत राहिला आणि शेवटी गावाकडं निघून गेला.

भागूबाईचा हात वाकडाच जुळला. भरलेला हंडा तिला उचलेना. टँकर आला की दगडाबाई तिचा हंडा भरून दारात ठेवायची. पहिल्या खेपेला भागूबाईनं लाथ मारून तो लवंडून दिला. त्या दिवसांत घोटभर पाण्यावरून डोकी फुटत होती, आणि पाणी मातीत जिरलं. पुढच्या टँकरला तिनं पुन्हा भरला. तो भागूबाईनं लवंडला नाही. आत मात्र ढकलत ढकलत स्वतःच नेला, आणि दार लावून घेतलं.