चढावरची चार पावलं

“मैल नगा सांगू, भाऊसाहेब. चढ किती ते सांगा.”

नव्या गावाला टपाल घेऊन पाठवलं की तो आधी हे विचारायचा. मग हाताचा पंजा आडवा धरून हळूहळू तिरपा करत जायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. पंजा पुरेसा तिरपा झाला की मी ‘बस’ म्हणायचं. मी अंदाजानेच म्हणायचो. त्यातल्या बहुतेक गावांना मी कधी गेलोच नव्हतो.

भोरच्या कचेरीत मी कारकून होतो आणि तो टपालाचा शिपाई. कचेरीची कोठीही माझ्याच ताब्यात असे: दौती, कंदील, छत्र्या आणि एक सायकल. ती सायकल त्याच्या हाती असायची. भोरहून कापूरहोळ, नसरापूर करत वेल्ह्यापर्यंत आणि तिथून आतल्या गावांना तो कागद पोचवायचा. तो राजगडाच्या पायथ्याचा, पालीकडचा. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा असूनही मी त्याला अरेतुरे करत असे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा एका कागदावर लिहिलं आणि त्यापुढे शेरा लिहिला, तेवढं पुरे झालं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना वस्तू वापरायला दिली की ती तिचे मालक होत नाहीत, चाकर होतात. पावसाळ्यात ओढा आडवा आला की हा गडी सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातून जायचा. रस्त्यात म्हशी आल्या तर घंटी वाजवायचा नाही, घंटी झिजते म्हणून. उतरून म्हशीला म्हणायचा, “सरक की बाई, कचेरीची गाडी हाय.”

येताना तो वेल्ह्याकडची अंडी आणायचा. भाताच्या तुसात घालून, पाटी मागे बांधून, त्या खडबडीत रस्त्याने. आमच्या घरी त्याने आणलेलं एकही अंडं फुटकं निघालं नाही. म्हणजे आमच्या घरी चालत नसत. शेजारच्या मास्तरांकडे जायची आणि मी तिथे खायचो. कबुलीच द्यायला बसलोय तर हीही देऊन टाकतो.

एका उन्हाळ्यात त्याने सायकल नसरापूरला भर उन्हात उभी केली. पंक्चरला लावलेलं सोल्युशन विरघळलं, ठिगळ सुटलं आणि ट्यूब फाटली. नवी ट्यूब मागितली म्हणून साहेब माझ्यावर उखडले. तो राग मी सगळ्या कचेरीसमोर त्याच्यावर काढला. “पुन्हा गाडी उन्हात उभी केलीस तर याद राख. दोन पावलं चालायला लागलं तरी चालेल, पण सावलीत लावायची,” असं मी म्हणालो. तो खाली मान घालून म्हणाला, “व्हय जी.” त्यानंतर चिटपाखरू नसलेल्या माळावरही तो झाड शोधत हिंडतो, असं लोक हसत सांगायचे.

पुढे वेल्ह्याकडे उतारू नेणारी सर्व्हिस मोटार सुरू होणार असं ठरलं. पाडव्यापासून टपाल मोटारीने जाणार होतं. म्हणजे त्याचं काम सुटणार आणि सायकल कोठीत जमा होणार. त्याला कामापेक्षा सायकलचं लागलं होतं. स्वतःची गाडी असली तर वेल्ह्याची अंडी रोज भोरला आणता येतील, पोरंबाळं जगतील, हे त्याने मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. पण सायकल घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

नेमकी त्याच माघात गावातल्या हौशी मंडळींनी सायकलची शर्यत काढली. पहाटे भोरहून सुटायचं, वरंधा घाट उतरून महाड गाठायचं आणि त्याच दिवशी घाट चढून परत यायचं. जाऊन-येऊन शंभर मैलांच्या आसपास. बक्षीस होतं एक कोरी विलायती सायकल. त्याने मंडळाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांकडे, नाव दिलं आणि कचेरीचीच गाडी घेऊन शर्यतीत उतरायची परवानगी मागितली. साहेब त्या दिवशी खुशीत होते, म्हणून मिळाली.

नियम लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक असा होता: ‘घाटाच्या चढावर सायकल हातात धरून चालणारा स्पर्धक बाद समजला जाईल.’ थांबायला, उतरायला, पाणी प्यायला मुभा होती. फक्त गाडी ढकलत घाट चढायचा नाही. वाक्य नेमकं झालंय, असं वकीलसाहेब म्हणाले आणि मी दोन दिवस त्याच खुशीत होतो.

शर्यतीच्या दिवशी मला पंच म्हणून वाघजाईच्या देवळापाशी बसवलं होतं. तिथे अजून थोडा चढ शिल्लक असतो. घाटातून जाणारा माणूस तिथे उतरतो, देवीला पाला वाहतो आणि मग पुढे जातो. मोटारवालेसुद्धा थांबतात. रस्त्याकडेला एक झाड होतं, त्याच्या सावलीत मी खुर्ची टाकली होती.

दुपारी ऊन मी म्हणत असताना खालच्या वळणावर तो दिसला. एकटाच. मागे लांबपर्यंत कुणी नव्हतं. उभा राहून पायडल मारत होता आणि प्रत्येक पायडलला त्याचं सगळं अंग एका बाजूला कलत होतं. देवळासमोर येऊन तो उतरला. त्याने आधी वर सूर्याकडे बघितलं, मग चाकाकडे, मग माझ्याकडे. हँडल धरून गाडी झाडाखाली आणली आणि माझ्या खुर्चीशेजारी नीट टेकवून ठेवली. चार पावलं झाली.

“सावलीत लावलीया, भाऊसाहेब,” तो म्हणाला. ओठ फुटले होते, तरी हसत होता.

मग त्याने पाला तोडून देवीपुढे ठेवला, डोकं टेकलं, झाडाखालूनच गाडीवर बसला आणि वर निघून गेला. पाऊण तासाने दुसरा स्वार आला. तो आमच्या साहेबांचा पुतण्या होता, पुण्याचा. त्याला देवी ठाऊक नव्हती. तो थांबला नाही.

मी कागदावर दोघांच्या वेळा लिहिल्या. पहिल्या नावापुढे शेऱ्यात लिहिलं: ‘चढावर सायकल हातात धरून चालला.’ डोळ्यांनी बघितलं ते लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. पण पुतण्या दिसेपर्यंत शेऱ्याची जागा कोरीच होती, हेही मला सांगितलं पाहिजे. त्या वर्षी मी नोकरीत कायम व्हायचा होतो.

संध्याकाळी भोरला तो सगळ्यांच्या आधी पोचला. लोकांनी त्याला गूळपाणी दिलं. हारही तयार होता. तेवढ्यात वकीलसाहेबांनी पंचांचे कागद उघडले आणि मला विचारलं, हा चालला का? मी हो म्हणालो. मग त्याला विचारलं.

“चाललो की,” तो म्हणाला. “उनात गाडी लावायची न्हाई, आसं भाऊसाहेबांचंच सांगनं हाय. इचारा त्यास्नी.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. साहेबही तिथेच बसले होते. ‘हो, मीच सांगितलं होतं, आणि तो गाडी ढकलत चढ चढलेला नाही, नुसता सावलीला गेला,’ एवढंच मला म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, “तो कचेरीचा नियम. शर्यतीचा वेगळा.”

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. तो हसला नाही, चिडलाही नाही. माझ्याकडे बघत राहिला, जणू मी अजून काही बोलणार होतो. मी दौतीचं झाकण लावत बसलो.

कोरी सायकल पुतण्याला मिळाली. तो ती मोटारीच्या टपावर घालून पुण्याला घेऊन गेला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याने कचेरीची सायकल माझ्या स्वाधीन केली. धोतराच्या सोग्याने पुसलेली होती. “पंप बी हाय. बघून घ्या,” म्हणाला. तो तेव्हा भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी मोकळा झालो असतो, असं मला पुष्कळदा वाटतं. पण शिव्या खाऊन मोकळं व्हायची अपेक्षा करणाराही मीच.

वर्षभराने धीर करून वकीलसाहेबांकडे गेलो. म्हटलं, त्या दिवशी अन्याय झाला. त्यांनी विचारलं, “अहो, चालला होता ना?” चालला होता, असं मी म्हणालो. “मग?” मी लिहिलेल्या वाक्यात कुठेही फट सापडेना. ते ताक प्यायला थांबा म्हणाले. मी ताक पिऊन परत आलो. दोनदा अर्ज केला की कोठीतली पडीक सायकल त्या शिपायाला द्यावी. दोन्ही अर्ज फिरून माझ्याच टेबलावर आले: वस्तू कोठीच्या ताब्यात असल्याने कोठीच्या कारकुनाने अभिप्राय द्यावा. मी अभिप्राय दिला. तो कुठे गेला कोण जाणे.

दोनेक वर्षांनी तो तापाने गेला, हे मला पालीच्या एका माणसाकडून कळलं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमची शेवटची भेट झाली होती. मी सर्व्हिस मोटारीने वेल्ह्याला निघालो होतो. चढावर इंजिन तापलं, ड्रायव्हर पाणी आणायला ओढ्याकडे गेला, तेव्हा समोरून तो येताना दिसला. डोक्यावर अंड्यांची पाटी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. मला बघून त्याने पाटी दरडीवर उतरवली आणि रामराम केला.

मी म्हणालो, “त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.” आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यापाशी तसलं काही बोलत होतो आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता.

“खोटं तर न्हाई बोललात. चाललोच व्हतो म्या,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “ती गाडी कुनाकडं हाय आता?”

“कोठीतच आहे.”

“चालवतं का कोन?”

“नाही.”

“चालवाया द्या कुनाला तरी. बसून ऱ्हायली की खराब हुती.”

मी पुढचं बोलणार तोच ड्रायव्हरने हाक मारली. तो म्हणाला, “जावा, मानसं खोळंबलीती.” मग वाकून त्याने पाटीची एक बाजू धरली.

“जरा हात लावा, भाऊसाहेब.”

मी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून पाटी त्याच्या डोक्यावर ठेवली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती कितीतरी जड होती.