छत्रीमागचं इंजिन

माणसांचे चेहरे विसरून इंजिनांचे लक्षात ठेवणं आमच्या मेहुण्यांइतकं अख्ख्या रायपुरात कुणालाच जमलेलं नाही. सख्ख्या आतेभावाला ते भर लग्नात "आपण कोण?" विचारतात, पण रुळावर दूर ठिपका दिसला की त्याचं सगळं घराणं सांगतात. "नाक पाहा, जावईबापू, नाक! चपट्या तोंडाचं नाही हे, आपलं जुनं डिझेल आहे!" फाटक बंद झालं की बाकीचं जग कपाळाला आठ्या घालतं, मेहुणे स्कूटर बंद करून पूजेला बसल्यासारखे प्रसन्न होतात. आमच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. अल्बमात वरमाला नाही. त्याच वेळी मंगल कार्यालयामागून जोडइंजिनाची मालगाडी गेली, ती मात्र तीन बाजूंनी आहे.

इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं नाव लिहिलेलं असतं. देशभर कुठेही भटकलं तरी देखभालीला ते तिथंच परततं. हा नियम मेहुण्यांनी माणसांनाही लावला. मी मुलगी पाहायला आलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचं शेड कोणतं?" मी गडबडलो. पोह्यांची बशी पुढे करत सुमी हळूच म्हणाली, "गाव विचारून राहिला तो." मी अमरावती म्हणालो आणि लग्न ठरलं.

सुमी त्यांची धाकटी बहीण. तिनं त्यांची आयुष्यभर थट्टा केली आणि त्यांचे डबेही तिनंच भरले. एकदा ती सदर बाजारात त्यांच्यासोबत बांगड्या घ्यायला गेली. फोन वाजला, "गाडीनं दुर्ग स्टेशन सोडलं!" आणि मेहुणे धावत सुटले. घरी काही वाईट घडलं असावं, या समजुतीनं सोनारानं तिच्यासाठी पाणी मागवलं. "काही नाही भैया," ती म्हणाली, "नया इंजिन आया है."

मेहुण्यांना मात्र खरी आस होती ती एका जुन्या डिझेलची. रायपूर शेडचंच ते. तरुणपणापासून पाहिलेलं, पण मनासारखा फोटो कधी मिळाला नाही. कधी धुकं, कधी मधे दुसरीच गाडी. ते आता भंगारात जाणार, आज शेवटची मालगाडी ओढणार, अशी खबर आली आणि मेहुणे आम्हा दोघांना घेऊन बीरगांवच्या पुढे मोकळ्या रानात पोचले. ऊन पाठीशी, आभाळ निवळ. "सुमे, त्या बाभळीखाली बस. हालू नको!"

"हव बाबा, बसते."

आणि ते आलं! काळा धूर सोडत, धडधडत, पायाखालची माती हलवत. मेहुण्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मीही, पुस्तकाशिवाय कशानं न हलणारा माणूस, चवड्यांवर उभा राहिलो. तेवढ्यात सुमी उठली. कुंपणाच्या तारेपर्यंत धावली आणि उन्हासाठी आणलेली छत्री उंच धरून हलवू लागली. ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. तिनं हसत मागे वळून पाहिलं आणि त्याच क्षणी कॅमेरा वाजला.

मेहुणे मटकन खाली बसले. "सुमे, नंबर झाकला तू! काहून उठली?"

"अरे दादा, त्यानं मले पाहून हॉर्न वाजवला!"

तो महिना ते तिच्याशी बोलले नाहीत. डबा मात्र रोज संपत होता.

गेल्या हिवाळ्यात सुमी गेली. हार घालायला फोटो शोधू लागलो, तर सगळे ओळखपत्रासाठी काढलेले, घाबरलेल्या डोळ्यांचे. मेहुणे उठून गेले आणि तो बिघडलेला फोटो मोठा करून घेऊन आले. शंकर नगरच्या फ्रेमवाल्यानं विचारलं, "पीछे का इंजिन काट दूँ?" मी मेहुण्यांकडे पाहिलं. त्यांनी फोटोतल्या इंजिनाच्या नाकावरून बोट फिरवलं.

"काट दे," ते म्हणाले. "पण सुमी पूरी आली पाहिजे."

"नको," मी म्हणालो. "त्याच्यासाठीच तर ती उठली होती."

आता तो अख्खा फोटो आमच्या भिंतीवर आहे. मेहुणे प्रत्येक फोटोखाली इंजिनाची जात, नंबर आणि शेड लिहितात. याच्याखाली नंबर नाही. बारीक अक्षरात एवढंच आहे: सुमी, शेड रायपूर. संध्याकाळी ते येऊन बसतात. लांबून हॉर्न ऐकू आला, की आम्ही दोघं बोलायचं थांबतो.