वरचा रुपया

माझ्या आईचा रुपया अजून येतो. रोज सकाळी सातला मोबाईल वाजतो, पडद्यावर ‘आई’ आणि खाली एक रुपया. आईला जाऊन दोन महिने होतील.

मी संगमनेरला, आई पारनेरकडे, गावापासून लांब वस्तीवर एकटी. सकाळी तिचा फोन आला की मी खेकसायची. "आई, डबे व्हायचेत, शाळा गाठायचीय, या वेळेला कशाला गं?" मी मास्तरीण. दुसऱ्यांच्या पोरांना मोठ्यांशी नीट बोला म्हणून शिकवते, आणि घरी ही माझी जीभ! ती एवढंच म्हणायची, "काय न्हाई गं, उठले म्हून सांगत हुते."

पुढं दुधाचे पैसे बँकेत यायला लागले म्हणून तिच्या साध्या फोनच्या जागी मोठा मोबाईल घेऊन दिला, पैसे पाठवायचं अ‍ॅप शिकवलं. तर बाईसाहेबांनी दुसऱ्याच सकाळी मला एक रुपया पाठवला. रविवारी विचारलं तर म्हणाली, "रुपया आला म्हंजी मी उठले. तुला बोलायबी नगं." मी हसले. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच पडलं.

वस्तीवर फोन लागायचा, पण नेट फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी. गाईचं दूध काढून झालं की पदराला हात पुसत ती टाकीपर्यंत चढून जायची, पिन चुकवायची, पुन्हा टाकायची, मग रुपया. दिवाळीत गेले तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. तिथंच टाकीच्या ओट्यावर बसून तिच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये सोय लावून दिली. रोज सातला एक रुपया, आपोआप.

"मंग मी काय करायचं?"

"काही नाही. निवांत बसायचं."

"आन मी उठले का न्हाई ते तुला कसं कळंल?"

"अगं, रुपया आला म्हणजे उठलीस!"

हे मी बोलले. चांगली शिकलेली बाई मी, आणि मला एवढी साधी गोष्ट कळली नाही. तिला कळली होती.

चार दिवसांनी बघते तर दोन-दोन रुपये येतायत. सातला एक, साडेसातच्या सुमाराला दुसरा. फोन केला. "दोन कशाला पाठवतेस?"

"एक मशीनचा, एक माझा. आहेराला वर रुपया ठिवतोच की आपन."

"पुरे झाला चावटपणा. टाकीवर जायचं नाही म्हणजे नाही!"

बरं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला. असं तीन महिने चाललं. दर रविवारी मी तोंड सोडायची, ती बरं म्हणायची, आणि सोमवारी साडेसातला तिचा रुपया हजर.

मग एका मंगळवारी एकच आला. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, खोटं कशाला बोलू? मधल्या सुट्टीत चहा पिताना बघितलं होतं. मनात म्हटलं, चला, ऐकलं एकदाचं म्हातारीनं! बरं वाटलं मला. बुधवारीही एकच आला.

बुधवारी दुपारी शेजारच्या वस्तीवरच्या काकूंचा फोन आला. गाय का हंबरतीय म्हणून त्या बघायला गेल्या, तर आई चुलीपाशी पडलेली. "ताई, कालच्याच पडल्यात जनू. जीव हाय अजून, तुमी लगीच निघा." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कालच आणलं असतं तर हाती लागल्या असत्या. शुक्रवारी गेली. डोळे उघडलेच नाहीत तिनं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मृत्यूचा दाखला माझ्या पर्समध्ये आहे. तो बँकेत दिला की खातं बंद होईल, रुपयाही थांबेल. रोज देईन म्हणते आणि रोज बँकेवरून तशीच पुढं शाळेत जाते. अ‍ॅपमध्ये मागं मागं जात राहते. दोन, दोन, दोन, आणि मग त्या मंगळवारपासून एकेक.

आजही सातला मोबाईल वाजला. डबे तसेच टाकून मी साडेसातपर्यंत तो हातात धरून उभी होते. आई, मी आता काही बोलणार नाही गं. दुसरा रुपया आला नाही.